लॅसेल्स पिनॉकची बहीण

हे कुणी खरं मानणार नाही. मानूही नका. थॅच बेमध्ये आजवर जेवढ्या खऱ्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यातली एकही कुणी खरी मानली नाही. खोट्या मात्र पास्टरनंसुद्धा प्रवचनात वापरल्या. पण आज लॅसेल्सची कबर खणायचा दिवस. जमिनीला रम पाजून झाली, चुलीवर बोकडाच्या मुंडीचं सूप रटरटतंय, आणि माणसाची कबर खणताना त्याची गोष्ट सांगितली नाही तर खालची माती दगड होते, हे काही नव्यानं सांगायला नको. तेव्हा खणणाऱ्यांनी खणावं, ऐकणाऱ्यांनी ऐकावं. त्याची बायको डेलरोज सकाळीच टोरांटोहून आली आहे. ती बघा, ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बायकांत बसून हिरवी केळी सोलतेय. ऐकू दे तिलाही. तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

तर लॅसेल्स. बोलण्यात इतका कंजूष माणूस अख्ख्या जमैकात दुसरा झाला नसेल. "कसा आहेस?" विचारलं तर आधी आभाळाकडे बघायचा, मग समुद्राकडे, आणि मग म्हणायचा, "आहे." बस. आणि अशा माणसाशी डेलरोजनं लग्न केलं, जी झोपेतही बोलायची! लग्न या टेकडीवरच्या चर्चमध्येच झालं. सगळं गाव नाचलं. केकमध्ये रम इतकी होती की पास्टरच्या गाढवानं एक तुकडा खाल्ला आणि ते घरापर्यंत उलटं चालत गेलं. हसू नका, मिस आयव्हीनं पाहिलंय. ती जांभळा झगा घालून नवरीच्या मागेच उभी होती.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि डेलरोज टोरांटोला गेली. तिथल्या एका म्हातारीला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, रात्री कूस बदलून द्यायची. परक्याच्या आईची सेवा करत तिनं पाच हिवाळे काढले, तेव्हा कुठे तिला स्वतःला कायम राहायचा कागद मिळाला. कागद हातात पडला त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज टाकला, आणि नाताळला तीन आठवडे घरी येऊन गेली. फेब्रुवारीत मिस आयव्हीच्या दुकानातला फोन वाजला. लॅसेल्सनं तो कानाला लावला, अर्धा तास काही न बोलता ऐकला, खाली ठेवला, आणि बाहेर येऊन आपल्या होडीला दोनदा थोपटलं. बैलाला थोपटावं तसं. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर डेलरोजला दिवस गेले होते. सप्टेंबरात बाळंत होणार होती.

आता लॅसेल्सला जगात एकच गोष्ट करायची होती. सप्टेंबरच्या आत टोरांटोला पोचायचं.

आणि ती गोष्ट तो कुणाला सांगणार नव्हता. त्यात त्याचं काय चुकलं? आपल्याकडे विमानाची चाकं जमीन सोडेपर्यंत कोण कुणाला सांगतं? शेजारणीला कळलं की दृष्ट लागलीच. मग व्हिसा अडकतो, विमान चुकतं, नाहीतर निघायच्या दिवशी पाय मुरगळतो. मिस आयव्हीचा सख्खा भाऊ "जरा मीठ घेऊन येतो" म्हणून उठला, त्याचं पत्र मायामीहून आलं. डेलरोजनंही बजावलं होतं, "लॅस, तोंड शिवून ठेव." ते काय, तिनं सांगायच्या आधीच शिवलेलं होतं.

पण माणूस लपून राहिला तरी त्याची लक्षणं लपत नाहीत. मच्छीमार सोसायटीची ती बर्फाची खोली आहे ना, तिच्यात लॅसेल्स दर शनिवारी डेलरोजनं पाठवलेला लोकरी स्वेटर घालून बसायला लागला. पहिल्यांदा दहा मिनिटं. मग वीस. ईस्टरपर्यंत तो तासभर बसायचा आणि बाहेर आला की त्याच्या भुवयांवरचं बर्फ खरवडून लोक रममध्ये टाकायचे. "काय रे लॅसेल्स, डोकं फिरलं का?" विचारलं तर म्हणायचा, "उकडतंय." शिवाय देवदाराच्या फळ्या आणून त्यानं होडीच्या आकाराची एक लहानशी वस्तू करायला घेतली. हे काय, म्हणून विचारलं तर, "होडी." एवढीशी? "लहान मासे धरायला."

तिकडे डेलरोजला अर्जासोबत पुरावे द्यायचे होते. हे लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, याचे. तिनं पत्रांचा गठ्ठा काढला. लॅसेल्सची पत्रं ऐंशीच्या वर होती आणि सगळी मिळून एक पान भरत नव्हतं. "समुद्र बरा. मी बरा. पोर्जी मासा कमी. तुझा ल." बिचारी फोनवर रडकुंडीला आली. "अरे लॅस, यात प्रेम कुठे दाखवू मी त्यांना? माशांच्या जागी निदान माझं नाव तरी घाल!" त्यानं घातलं. पुढचं पत्र आलं, "समुद्र बरा. मी बरा. डेलरोज कमी."

ते पत्र तिनं अर्जात सगळ्यात वर लावलं.

जूनमध्ये लॅसेल्स पेड्रोच्या बेटांवर मासेमारीला गेला. ऑगस्टात निघायचं तर मासे धरायचे पिंजरे विकण्याआधी एक शेवटची फेरी, असा त्याचा मनातला हिशेब. तो तिकडे असतानाच एक पांढरी मोटार गावात शिरली. आतून एक माणूस उतरला. पँटला इस्त्री, हातात पेटी, बूट असे चकचकीत की खेकडे त्यात आपलं तोंड बघायला आले. आता इस्त्रीच्या पँटला खरं सांगायचं नाही, हे थॅच बेमध्ये पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. अशी माणसं कोर्टाची असतात, पोलिसांची असतात, नाहीतर कुणाच्या तरी पोराचा बाप शोधत आलेली असतात. या माणसानं पेटीतून लग्नाचा फोटो काढला आणि विचारलं, "लॅसेल्स पिनॉक इथेच राहतात का? ही त्यांची पत्नी का?"

बस्स. गावानं कंबर कसली.

मिस आयव्ही म्हणाली, "पिनॉक? नाही बाई. मासा आहे का हा कुठला?" तिच्या पाठीमागे भिंतीवर तोच फोटो टांगलेला होता, त्यात जांभळ्या झग्यात ती स्वतः. अर्धा तास ती त्या फोटोसमोरून हलली नाही. गिऱ्हाइकाला पाव हवा होता तर म्हणाली, तुझ्या हातानं घे. पास्टर म्हणाला, "लग्नं मी शेकड्यांनी लावली, साहेब. पण प्रार्थनेत माझे डोळे मिटलेले असतात." शाळेच्या बाईंनी सांगितलं की हा फोटो नाताळच्या नाटकातला आहे. डॉमिनो खेळणाऱ्यांनी तर लॅसेल्सला वादळात मारून टाकलं आणि वर, "कबर दाखवू का?" म्हणून विचारलं. एवढंच नाही, खरोखर टेकडीवर नेऊन कुणाची तरी दाखवली.

हा सगळा घोळ कशासाठी, तर आपल्या माणसाला वाचवायला. आणि आलेला माणूस कोर्टाचा नव्हताच. तो व्हिसाच्या कचेरीतून आला होता, हे लग्न खरं की खोटं तेवढंच बघायला. कुणी एकानं जरी म्हटलं असतं, "हो साहेब, आम्ही नाचलो त्या लग्नात," तर तो फोटो पेटीत टाकून परत गेला असता.

तो माणूस वाईट नव्हता. बेटावर बरीच वर्षं काढलेला, अशी गावं पाहिलेला. दुपारपर्यंत त्याच्या ध्यानात आलं होतं की ज्याला एवढे लोक एवढ्या निरनिराळ्या तऱ्हांनी लपवतायत, तो माणूस इथलाच आहे. ओठात हसत त्यानं पेन खिशाला लावलं आणि दुकानाबाहेरच्या बाकावर कोला पीत बसला. बाकावर विन्स्टन बोगल बसला होता. देव त्याला शांती देवो. त्या माणसानं जाता जाता, अगदी सहज, फोटो पुढे केला. "बाबा, ही पांढऱ्या गाऊनमधली बाई त्याची कोण?"

आणि विन्स्टन म्हणाला, "ही? ही त्याची बहीण."

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण आपण एक सांगायला जावं आणि समोरच्याचे डोळे मोठे व्हावेत, हे सुख काय असतं ते ज्यानं चाखलंय त्यालाच ठाऊक. विन्स्टन पुढे बोलत गेला. म्हणाला, "आई एक, बाप वेगळे. दोघांच्या बाप्तिस्म्याला मी हजर होतो. बिचारीला नवरा मिळेना, साहेब. वय चाललं. रडून रडून अंथरुणाला खिळली. मग भावानं काय करावं? शहरातून गाऊन आणला, स्वतः कोट घातला, आणि एक दिवस सगळ्या गावानं तिला नवरी केली. फोटोपुरतं. फोटो उशाशी ठेवून झोपते ती अजून."

कबूल करायला हवं, घडण चांगली होती. बाकीच्यांनी नुसतं नाही नाही केलं होतं. यात दया होती, आणि दया असली की खोटं गळ्याखाली उतरतं. त्या माणसानं कोलाची बाटली खाली ठेवली. खिशातलं पेन पुन्हा काढलं. बराच वेळ लिहीत बसला. जाताना टोपीला हात लावून गेला.

त्या संध्याकाळी गावात काय हशा उसळला! जो तो आपली थाप दुसऱ्याला ऐकवत होता. मोटारीमागे धूळ उडाली तेव्हा डॉमिनोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा दिवसांनी लॅसेल्स पेड्रोहून आला. होडी वाळूला लागायच्या आत लोक पाण्यात शिरले. "लॅसेल्स, लेका, वाचवला तुला! कोर्टाचा माणूस आला होता, असा परतवला त्याला!"

"कोर्टाचा?" लॅसेल्सनं विचारलं. "काय घेऊन आला होता?"

"तुझ्या लग्नाचा फोटो."

लॅसेल्स हातातला पिंजरा न सोडता तसाच ओल्या वाळूत खाली बसला. लाट आली, त्याच्या मांडीवरून गेली, परत गेली. मग त्यानं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं होतं ते. अर्ज, टोरांटो, पोर, सप्टेंबर. मिस आयव्ही ओरडली, "अरे मुडद्या, मग आम्हाला सांगायचं नाहीस का? आम्ही काय तुझे वैरी होतो?"

"दृष्ट लागली असती," लॅसेल्स म्हणाला.

"आणि आता काय लागलं रे?"



रविवारी पास्टरनं उपदेश केला नाही. चर्चची लग्नाची वही काखेत मारली आणि म्हणाला, चला. सोमवारी पहाटे ट्रक भरून गाव राजधानीला गेलं. ठेवणीतले कपडे, इस्त्रीच्या पँटी, मिस आयव्ही तोच जांभळा झगा घालून. मागून शिवण उसवली होती तरी. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं एवढ्यांना आत सोडलं नाही. मग सगळ्यांनी मिळून एक कागद लिहिला की हे दोघे नवरा-बायको आहेत, आम्ही साक्षी आहोत, आणि सह्या केल्या, अंगठे उठवले. खिडकीतल्या मुलीनं तो निमूटपणे घेतला. पण ज्या गावानं एकदा सगळ्यांनी मिळून खोटं सांगितलं, त्याचं खरं कुणी का ऐकावं? उलट वाटणार, यांना कुणीतरी पढवून पाठवलंय.

जुलैत विन्स्टन बोगल पेड्रोच्या वाटेवर बुडाला. होडी सापडली, तो सापडला नाही. त्याची कबरसुद्धा खणता आली नाही कुणाला.

ऑगस्टात उत्तर आलं. पत्र आधी डेलरोजकडे गेलं. तिचा फोन आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. लॅसेल्स नेहमीसारखा ऐकत उभा राहिला. पण त्या दिवशी मध्येच त्यानं पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलला. काय, ते कुणाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तो बाहेर बाकापाशी आला. म्हणाला, "नाही म्हणालेत. लग्न खोटं आहे म्हणे. ती माझी बहीण आहे म्हणे."

मग एकेकानं आपापलं पाप ओकलं. मी ओळखत नाही म्हटलं. मी नाटक म्हटलं. मी तुला मारला रे लॅसेल्स, मला माफ कर. पण बहीण? बहीण कुणी म्हटलं? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तेव्हा लॅसेल्सच म्हणाला, "विन्स्टन असणार." झालं. लॅसेल्सनंच सांगितल्यावर प्रश्न मिटला. विन्स्टनच. दुसरं कोण असणार?

सप्टेंबरात मुलगी झाली. डेलरोजनं नाव ठेवलं ओर्लीन. काळजाला भोक घेऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, थोडी वाढू दे, मग बघू. एका दुपारी डेलरोजनं दवाखान्यातून फोन केला आणि फोन पोरीच्या तोंडाशी धरला. मिस आयव्हीनं दुकानातला रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांना हातानं गप्प केलं, बाहेर डॉमिनो थांबले. लॅसेल्स डोळे मिटून त्या श्वासाचा आवाज ऐकत होता. हे कुणी खरं मानू नये, पण त्या वेळी लाटासुद्धा थांबल्या होत्या. मग तो म्हणाला, "आहे. मी आहे गं." एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं तसं. तिनं विचारलंच होतं जणू.

नोव्हेंबर संपायच्या आत ओर्लीन गेली.

ते कळवणाऱ्या फोनवर त्यानं एकच प्रश्न विचारला. "कबर कुणी खणली?"

डेलरोज म्हणाली, "यंत्रानं, लॅस. जमीन गोठलेली होती."

"गोष्ट कुणी सांगितली?"

सत्तर दिवसांच्या पोरीची काय गोष्ट असणार, आणि तिथे ती सांगायला होतं कोण? डेलरोज, तिथला पास्टर आणि यंत्र चालवणारा माणूस.

त्यानंतर लॅसेल्स तीन दिवस घराबाहेर आला नाही. चौथ्या दिवशी ती देवदाराची लहान होडी बाहेर दिसली. त्यानं तिच्यात जाळं तरंगत ठेवायचे बोये भरून ठेवले होते.

डेलरोजनं हार मानली नाही. वकील केला, अपील केलं, दोघांच्या जन्माचे दाखले, आयांचे दाखले, रक्ताच्या तपासण्या, सगळं. तीन वर्षं लागली. आणि जिंकली! लॅसेल्सचा कागद आला. कायम राहायला परवानगी. गाव आनंदानं वेडं झालं, मिस आयव्ही त्याच्या गळ्यात पडली. त्यानं तो कागद वाचला, घडी घातली, बायबलमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिंजरे काढायला समुद्रावर गेला.

डेलरोजनं फोन केला. "येतोस ना?"

तो म्हणाला, "थंडीची सवय मोडली गं."

"मी शिकवीन परत."

"तूच ये ना, डेल."

"माझी पोर इथे आहे, लॅस. तिला एकटी टाकून कशी येऊ?"

आणि तो त्या पोरीपाशी जाऊ शकत नव्हता. ती होती तेव्हा गेला नाही, आता नुसत्या दगडापुढे कुठल्या तोंडानं उभा राहू, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. म्हटलं नाही त्यानं कधी. त्याच्या बायबलमधल्या कागदाची मुदत कधीच संपून गेली. एक थडग्यापाशी राहिली, दुसरा समुद्रापाशी. भांडण नाही, काडीमोड नाही. दर महिन्याला तिचं दहा पानांचं पत्र यायचं, आणि त्याचं जायचं, समुद्र बरा, मी बरा. अशी पंधरा वर्षं. गेल्या सोमवारी जाळं दुरुस्त करता करता तो एका अंगावर कलंडला, तो कलंडलाच.

तर अशी ही गोष्ट. खणा, अजून हातभर खोल जाऊ दे. भला माणूस होता, उथळ नका निजवू. आणि एका गोष्टीचं समाधान माना. त्यानं मनात कुणाविषयी काही ठेवलं नाही. ज्यानं ते बहिणीचं सांगितलं तो विन्स्टन समुद्रानं नेला होता, आणि मेलेल्यावर कोण राग धरतो? गावात जे जिवंत होते त्यांच्याशी लॅसेल्स शेवटपर्यंत पहिल्यासारखाच वागला, बाकावर शेजारी बसला, मासळी दिली-घेतली. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या दिवशी त्या बाकावर विन्स्टनच—

"खोटं."

अगं डेलरोज, तू कशाला उठलीस? बस, केळी सोल. प्रवासानं दमलेली आहेस.

"खोटं बोलतोस, कथबर्ट. नकाराच्या पत्राबरोबर त्या माणसाची टिपणं आली होती माझ्याकडे. बाकावरचा माणूस, डाव्या हाताला तीनच बोटं, असं लिहिलं होतं त्यानं. मी ते फोनवर लॅसला वाचून दाखवलं. विचारलं, कोण हा? तर म्हणाला, 'विन्स्टन.' मी म्हटलं, अरे, विन्स्टनला दहा बोटं होती. तेव्हा तो भिंतीकडे वळून म्हणाला, 'विन्स्टनवरच घालू या, डेल. त्याला आता काही लागत नाही. कथबर्टला अजून इथे राहायचंय.'"